रोहिणी लागली तो रविवार

हडपसरच्या गाडीतळावर उभे राहा आणि एकेक गोष्ट काढून टाकायला लागा. आधी उड्डाणपूल काढा. मग मगरपट्ट्याच्या इमारती काढा आणि तिथे ऊस लावा, भाजीपाला लावा. रिक्षांची रांग, मोबाइलची दुकानं, सासवड रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्या, मंगल कार्यालयं, सगळं काढा. रस्ता अरुंद करा. सायकल तेवढी राहू द्या, ती तुम्हाला लागणार आहे.

आता १९६८ साल आहे. मे महिन्याची सव्वीस तारीख, रविवार. कोयनेच्या भूकंपाला अजून सहा महिनेही झालेले नाहीत, रस्त्यावरच्या चहावाल्याकडे अजून तोच विषय निघतो. तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे आहात, सदाशिव पेठेतून पहाटे निघालात, कॅरिअरला डबा बांधलेला आहे. निघताना आजीने दारातून हाक मारून सांगितलं होतं, "रोहिणी लागली बरं का. वळीव यायचा. दुपारी लवकर ये."

लवकर येणं होणार नाही हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.

सासवड रस्त्यावर उजेड अजून कोवळा आहे. महिनाभरात याच वाटेने माउलींची पालखी दिवे घाटाकडे जाईल. आज एखाददुसरी बैलगाडी आणि एक दूधवाला, एवढीच वर्दळ. मग तारेचं कुंपण दिसतं, आत मोठं उघडं माळरान, वाऱ्याची दिशा सांगणारी कापडी पिशवी आणि हँगर. ग्लायडिंग सेंटर. नागरी विमान वाहतूक खात्याने हे १९५० साली सुरू केलं. या माळावर इंजिन नसलेलं विमान उडवायला शिकवतात, आणि शिकायला तुमच्यासारखी कॉलेजातली पोरं, एनसीसीचे कॅडेट, बँकेतले कारकून, एखादा डॉक्टर असे सगळे येतात.

हँगरचं दार ढकलायला चार माणसं लागतात. दार सरकलं की आतून एक वास अंगावर येतो. पिकलेल्या केळ्यासारखा, थोडा नेलपॉलिशसारखा. हा डोपचा वास. ग्लायडरच्या लाकडी सांगाड्यावर कापड ताणून त्यावर हे रसायन फासतात, ते वाळताना कापड आवळत जातं. टिचकी मारून बघा, हलगी शेकल्यावर वाजते तसा घट्ट आवाज येतो. तो आवाज कुठे सैल लागला, तर तिथे थांबून नीट बघायचं, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं आहे.

आणि ही तिथे उभी आहे. एक पंख जमिनीला टेकलेला, दुसरा वर, पाखराने अंग झुकवावं तशी. पंखांचा पसारा साडेसोळा मीटरचा, म्हणजे चोपन्न फुटांवर. आत दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात. हिचं नाव रोहिणी.

या नावाशी मला थोडं थांबायचं आहे. दिल्लीला सफदरजंग इथे विमान खात्याचं तांत्रिक केंद्र होतं आणि तिथे एस. रामामृतम यांनी या ग्लायडरचं डिझाइन केलं. पहिलं उड्डाण १९६१ सालचं, म्हणजे ज्या वर्षी पानशेत फुटलं त्याच वर्षीचं. त्याआधी १९५८ मध्ये अश्विनी उडाली होती. रोहिणीनंतर १९६३ ला कार्तिक आली, १९६४ ला भरणी. उडाली त्या क्रमाने नसली, तरी अश्विनी, भरणी, कृत्तिका (तिच्यावरून कार्तिक), रोहिणी अशी पंचांगातली नक्षत्रं ओळीने मोजत जावीत तशी ही नावं आहेत. तुम्हाला आज ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे की पुढे मृगशीर येईल आणि मग आर्द्राही येईल. ज्या नक्षत्रांवर इथला शेतकरी आपली पेरणी बांधतो, त्यांचीच नावं या लाकडी पाखरांना दिली गेली. परदेशी नावाचं काहीतरी विकत आणून भागलं असतं. कोणीतरी बसून हे ठरवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण सकाळी अप्रूप वाटायला वेळ नसतो. तपासणी करायची असते. तुम्ही आत बसून स्टिक डावीकडे नेता, बाहेर तुमचा मित्र पंखाच्या टोकाकडची पट्टी हलकेच धरून ठेवतो आणि ओरडतो, "डावी वर!" मग उजवी. मग शेपटीकडे. जोड, खिळा, पिन, प्रत्येकाला बोट लावून बघायचं. नुसतं नजरेने बघणाऱ्याला सर परत पहिल्यापासून करायला लावतात. सर उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या टोपीतले. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही.

मग ढकलणं. ग्लायडरला स्वतःहून कुठे जाता येत नाही. ती आठ हातांनी बाहेर येते. पंखाच्या मागच्या कडेला हात लावायचा नाही, ती नाजूक. कुठे धरायचं ते ठरलेलं असतं. माळाच्या एका टोकाला तिला वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. दुसऱ्या टोकाला, जवळपास किलोमीटरभर लांब, विंच आहे: जुनं दणकट इंजिन, त्याला जोडलेलं मोठं रीळ, आणि जाळीच्या पिंजऱ्यात बसलेले विंचवाले काका. तार तुटून उलटी आली तर लागू नये म्हणून तो पिंजरा. जीप तारेचं टोक ओढत तुमच्याकडे आणते. टोकाला छोटं पॅराशूट असतं, म्हणजे वर सुटलेली तार भसकन न पडता सावकाश उतरते.

दिवसभरात तुमच्या वाट्याला उड्डाणं येतील दोन. बाकीचा वेळ तुम्ही धावणार आहात. तार आणा, हूक लावा, झेंडा दाखवा, वहीत वेळ लिहा, उतरलेली ग्लायडर परत ढकलत आणा. आणि पंख धरा.

पंख धरण्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. ग्लायडरला खाली एकच चाक, त्यामुळे ती उभी राहते तेव्हा कोणाला तरी पंखाचं टोक धरून तिला सरळ ठेवावं लागतं. तुम्ही टोकाशी उभे राहता. तळव्याखाली कापड, त्याखाली लाकडाची कड. लांबवर झेंडा हलतो. तार गवतातून सापासारखी सरकायला लागते, मग ताणली जाते, आणि ग्लायडर एकदम निघते. तुम्ही पळता. पहिल्या तीन-चार पावलांत पंख तुमच्या हातावर जड असतो, तुम्ही त्याला सांभाळता. पाचव्या पावलाला वजन नाहीसं होतं. पंखात काहीतरी जागं होतं आणि तो स्वतःच स्वतःला धरतो. तुमचा हात अजून तिथेच, पण त्याची गरज संपलेली. मग तुमची बोटं सुटतात आणि ती पुढे गेलेली असते. हा क्षण कितव्यांदाही आला तरी अंगावर काटा येतो. उडणारा दुसराच असतो, तरीही.

सकाळच्या थंड हवेत नवशिक्यांचे फेरे चालतात. तुमचंही पहिलं उड्डाण सकाळीच होतं. वर जाणं, चौकोनी चक्कर, उतरणं. पाच मिनिटं. थंड हवा शिकायला चांगली, ती खोड्या काढत नाही.

साडेनऊच्या सुमाराला मात्र एक प्रसंग घडतो. एनसीसीचा एक मुलगा सरांबरोबर वर निघालेला असताना, शे-दीडशे फुटांवर, तारेतला कच्चा दुवा तुटतो. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, ताण जास्त झाला तर ग्लायडरचा पंख तुटण्याआधी तो तुटावा म्हणून. खाली सगळे बोलायचे थांबतात. नाक आभाळाकडे आहे, ओढ संपली आहे, वेग पाण्यासारखा गळतो आहे. अशा वेळी माणसाचं मन म्हणतं, स्टिक मागे ओढ, वरच राहा. करायचं असतं नेमकं उलटं. तो मुलगा नाक खाली दाबतो, वेग परत येऊ देतो आणि समोरच्या गवतावर सरळ उतरतो. सर खाली उतरून त्याच्या पाठीवर फक्त हात ठेवतात. हे असं दहा वेळा खोटं-खोटं करून घेतलेलं असतं, म्हणून ते अकराव्या वेळेला खरं झाल्यावर जमतं. विंचवाले काका पक्कड घेऊन चालत येतात, नवा दुवा बसवतात. पंधरा मिनिटांत पुढचं लाँच.

ऊन चढतं. अकराला माळावरची हवा थरथरायला लागते. झाडाखाली डबे उघडतात: पोळी, शेंगदाण्याची चटणी, कोणाच्या तरी घरचा रायवळ आंबा. फुरसुंगीचे तात्या इथे मदतीला आहेत, घरची शेती सांभाळून रोज येतात. ते भाकरी आणि कांदा काढतात, कांदा बुक्कीने फोडतात. दोन वेण्या घातलेली कॉलेजातली एक मुलगी सरांना विचारते, "सर, जर्मनीत हे सुरू कसं झालं?"

सर थोडक्यात सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं घातली, तेव्हा तिथली विद्यार्थी मंडळी वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमली आणि बिनइंजिनाची विमानं बनवून उतारावरून सोडायला लागली. तिथे पहिली स्पर्धा १९२० ला झाली. उड्डाणं मिनिटांत मोजायची होती. दोनच वर्षांत, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या व्हँपायर नावाच्या ग्लायडरमधून मार्टेन्स एक तासाहून जास्त वेळ हवेत राहिला, आणि आठवड्याभरात हेन्ट्झेन तीन तासांवर गेला. डोंगराला धडकून वर चढणारा वारा त्यांना सापडला होता. थर्मल नंतर सापडले.

"आपल्याला इथे डोंगर नाही," सर म्हणतात, "आपल्याला जमीन वाचायची." मग काडी घेऊन मातीत रेघा ओढतात. हा कालवा. हा ऊस. ही नांगरून ठेवलेली काळी रानं. ऊस ओला, कालवा ओला, तिथली हवा जड, तिच्यावरून जाताना खालीच येणार. काळं ढेकूळ मात्र सकाळपासून तापतं आहे. त्याच्यावरची हवा तापून हलकी होते, फुगते, आणि कधीतरी जमिनीपासून सुटून वर निघते. तोच थर्मल.

तात्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणतात, "त्या कोपऱ्यातल्या नांगरटीतनं रोज बाराच्या पुढं वावटळ उठती. पाचोळा पार वर जातो."

सर काडी थांबवून त्यांच्याकडे बघतात आणि तो कोपरा मातीवरच्या नकाशात खुणेने टिपतात.

एक वाजता तुमची पाळी येते.

पट्टे आवळा. डाव्या हाताशी पिवळी मूठ, ती तार सोडायची. समोर वेगाचा काटा, उंचीचा काटा, आणि दोन काचेच्या उभ्या नळ्या. एका नळीत हिरवी गोळी, दुसरीत लाल. वर जायला लागलात की हिरवी उचलते, खाली यायला लागलात की लाल. एवढंच. शेजारी सर, खांद्याला खांदा लागतो इतके जवळ. कंट्रोल तपासले, पट्टे तपासले, वारा बघितला. पंखाशी दोन वेण्यांवाली मुलगी उभी आहे, तिच्या कपाळावर घामाला चिकटलेली धूळ तुम्हाला इथून दिसते. झेंडा हलतो.

धक्का पाठीत बसतो. गवत धावतं, मग नुसती हिरवट-पिवळी रेघ होते, मग खाली जातं. नाक वर, आणखी वर, आता समोर जमीन नाहीच, फक्त आभाळ. तार गुणगुणते, तो आवाज लाकडातून तुमच्या मांड्यांत उतरतो. तीसेक सेकंदांत हजार फूट. ओढ सैल झाल्याचं कळतं. नाक खाली, पिवळी मूठ ओढा, पुन्हा एकदा ओढा. खट्.

आणि आता फक्त वारा. लोक म्हणतात वर शांतता असते. शांतता नसते, वाऱ्याचा एक सूर असतो आणि तो ऐकायला शिकावं लागतं. सूर चढला तर वेग वाढला, सूर बसला तर नाक वर गेलं. सर काटे हाताने झाकतात, "कानाने उडव."

लाल गोळी उचललेली आहे. तुम्ही उसावर आहात. एक मीटर खाली येताना रोहिणी वीसेक मीटर पुढे जाते, तेव्हा हिशोब सोपा आहे: काही सापडलं नाही तर पाच मिनिटांत माळावर. आठशे फूट. तुम्ही तात्यांच्या कोपऱ्याकडे वळता. वरून ती नांगरट कोळशाच्या तुकड्यासारखी काळी दिसते.

काहीच नाही. लाल. साडेसातशे.

तेवढ्यात उजवा पंख कोणीतरी खालून तळव्याने उचलावा तसा उचलला जातो. सर बोलत नाहीत. पंख उचलला जातो त्या बाजूलाच वळायचं, ग्लायडर तुम्हाला उलट्या बाजूला ढकलत असते. तुम्ही उजवीकडे कलता, स्टिक आणि रडर एकदम. हिरवी गोळी किंचित थरथरते, पडते, परत उठते. आणि समोर, तुमच्याच उंचीवर, एक घार. पंख न हलवता गोल फिरते आहे. तिचं वर्तुळ तुमच्यापेक्षा थोडं पूर्वेला आहे.

"ती जिथे आहे तिथे जा," सर म्हणतात. "ती चाळीस पिढ्या हेच करते आहे."

तुम्ही वर्तुळ सरकवता. हिरवी गोळी नळीत वर जाऊन तिथेच राहते. आता नुसतं फिरायचं, एकसारखं, कलंडलेलं, खालची जमीन जात्यासारखी फिरू द्यायची. हजार. तेराशे. घार आणि तुम्ही एकाच वर्तुळाच्या दोन बाजूंना. एकदा ती मान वळवून बघते, तिचा डोळा तुम्हाला स्पष्ट दिसतो. दोन हजार. हवा गार होते, मानेवरचा घाम वाळतो. अडीच हजार. नैर्ऋत्येला सिंहगडाचा निळा माथा, पश्चिमेला पर्वतीची टेकडी आणि पुण्याची कौलं. उत्तरेला मुळा-मुठेची वळणं, तिच्याही पलीकडे लोहगाव, तिकडे हवाई दल, तिकडे फिरकायचं नाही. आग्नेयेला दिवे घाटाचा रस्ता, पायथ्याशी मस्तानी तलाव, मे महिन्यात तळाला गेलेला. आणि त्याच्या मागे एक ढग. पांढरा, पण बूड काळं. डोकं फुलकोबीसारखं वाढतं आहे.

सर त्याच्याकडे बराच वेळ बघतात. "चला. खाली बाकीचे थांबलेत, आणि तो पण थांबणार नाही."

ग्लायडिंगच्या रुपेरी बिल्ल्याला पाच तासांचं उड्डाण लागतं, पन्नास किलोमीटरचं अंतर आणि हजार मीटरची चढण. तुमचा आजचा आकडा सव्वीस मिनिटांचा. स्पॉयलर उघडले की पंखावर फळ्या उभ्या राहतात आणि ती खाली बसते. कुंपण, गवत, गवताची पाती, चाकाचा दणका. ती थांबते आणि हळूच एक पंख टेकवते. पोरं धावत येतात. तुम्हाला बोलायचं असतं, पण ढकलायचं आहे आधी.

अजून चार-पाच लाँच होतात. चारच्या सुमाराला वारा एकदम पडतो. कापडी पिशवी मेल्यासारखी लोंबते. मग ती उलट्या दिशेला फिरते, आणि दिवे घाटाकडून धुळीची भिंत येताना दिसते.

"धरा!"

ग्लायडर हँगरपासून चारशे पावलांवर उघड्यावर आहे. वारा तिला लागतो आणि ती जागी होते, माणूस आत नसताना, तार नसताना. वाऱ्याकडचा पंख वर जायला बघतो. दोन वेण्यांवाली मुलगी आणि एनसीसीचा मुलगा त्यावर अंगाचा भार टाकून उभे राहतात. तात्या शेपटी धरतात. विंचवाले काका माळाच्या त्या टोकापासून पळत आलेले. सरांची टोपी उडून गेलेली, तिच्याकडे ते बघतही नाहीत. तुम्ही नाकाशी. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ. सकाळी पाचव्या पावलाला पंख जागा झाला तेव्हा हात सोडायचा होता, आता सोडायचा नाही. पाऊल, पाऊल, थांबा, झोत जाऊ द्या, पाऊल. हँगरच्या दारात शेवटचा पंख तिरका करून आत घेता, दार सरकवता, आणि पत्र्यावर पहिले थेंब खडे फेकल्यासारखे वाजतात.

आत अंधार, डोपचा वास, धापा. तुम्ही लॉगबुक काढता. २६ मे १९६८. रोहिणी. लाँच: विंच. २६ मिनिटं. केसांतलं पाणी शाईवर टपकतं आणि शेवटचा सहा पसरतो.

दार जरा उघडून तात्या बाहेर बघताहेत. पलीकडची काळी रानं पावसाखाली आणखी काळी होत चालली आहेत आणि त्यांचा वास आत येतो आहे.

"उद्या काय तुमचं विमान लई वर जात न्हाय," ते म्हणतात. "रान भिजलं."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नाही. कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं उचलून ते त्याची खोळ करतात, डोक्यावर घेतात, आणि पाऊस थांबायची वाट न बघता आपल्या वावराकडे चालू लागतात.